करंगळी

यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
उजवा अंगठा ठेवला, डावा ठेवला,
पदराला पुसून ठेवला.
मागून मोचेमाडची लुदविना कुजबुजली,
"थुकी लाव गो."
कुंभोजकर सर मिरजेचे, पंचविशीतले.
त्यांना वाटलं बोटं मळलीत,
धावत जाऊन साबण घेऊन आले.

एकतीस वर्षं काजूचा चीक प्यालेली बोटं, सर.
एरंडेल चोळलं, राख चोळली,
तरी कातडी जायची, नवी यायची.
नवीलाही कामाची घाई,
रेषा काढत बसायला तिला सवड कुठली?

मग सरांनी एकेक बोट ठेवून पाहिलं
आणि डाव्या करंगळीवर हिरवा दिवा लागला.
बाया हसल्या, मीही हसले.
बी धरताना नेहमी बाजूला उभी असायची ही,
पंगत बसली तरी वाढायला न उठणाऱ्या जावेसारखी.
आता तीच माझी हजेरी लावते.

फॉर्मवर रकाना होता: अनुभव.
मी म्हटलं, बी फोडते,
गर अख्खा निघतो, शंभरात चार-पाचच पाकळ्या.
टाइप करणारी मुलगी यादी खालीवर फिरवत राहिली.
"मावशी, हे यात येत नाही हो."
तिने लिहिलं, निरंक.
बराच वेळ बघत राहिले त्या शब्दाकडे.
धुऊन उन्हात ठेवलेल्या पाटीसारखा दिसत होता,
वाईट म्हणता येईना.

वेंगुर्ल्याच्या बंदरावरचं गोदाम,
भिंतींना अजून सुक्या बांगड्याचा वास,
आणि मधोमध ते पांढरं यंत्र, फ्रीजएवढं,
प्लास्टिकची गुंडाळी पुरती न काढलेलं.
फीडर, कॅमेरा, हवेचा झोत.
एसटीत बसून मी ओठातल्या ओठात घोकते
फीडर, कॅमेरा, हवेचा झोत,
शेजारची बाई समजते मी जप करतेय.

घरी हे विचारतात,
"पास झालंस तर पगार वाढतलो काय?"
"आधी नोकरी ऱ्हवतली काय, ता इचारा."
त्यावर दोघंही गप्प.
वीस जणी शिकतोय. कारखान्यात यंत्र एक, पाळ्या दोन.
हा हिशोब सर फळ्यावर मांडत नाहीत.
पण आम्ही पौंडात तीनशेवीस गर नजरेने ओळखणाऱ्या,
आम्हाला काय मांडून दाखवायचं?
लुदविना आणि मी एकाच डब्यातून जेवतो,
त्या विषयाला दोघीही हात लावत नाही.

काल सर म्हणाले, आज यंत्राला शिकवायचं.
शंभर चांगले गर दाखवा, शंभर वाईट,
मग ते आपलं आपण ओळखेल.
मला बसवलं ताटासमोर.
चांगला. चांगला. कीड. चांगला. काळा.
हात आपोआप चालत होता, कारखान्यात चालायचा तसा,
आणि एकावर थांबला.

कडेला जरासा करपलेला, नखाच्या टोकाएवढा.
चवीला काहीच फरक नसतो, मी खाऊन बघितलेत.
पण असल्या एकेका डागासाठी
मुकादम शनिवारी पैसे कापायचा,
द्रौपदीचे तर इतके कापले एकदा
की ती मुलीच्या वह्या न घेताच घरी गेली,
आणि मी ताटलीकडे बघत बसले होते, मान वर न करता.

"हा कुठे टाकताय, मावशी?" सर.
मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.
"चांगल्यात."
"डाग आहे."
"दिसतो माका."

सरांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.
यंत्राने फोटो काढला,
बारीक टक् असा आवाज झाला.
बाहेर भरती लागली होती,
पाच वाजताची शिरोडा गाडी चुकणार होती,
आणि ताटात अजून साठेक गर शिल्लक.